पाणी ढकलतं पुढे, पाइप नाचतो वर-खाली

गिरणा नदीला धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की मामांचा जीव पाइपात अडकायचा. भडगाव तालुक्यात त्यांची विहीर नदीच्या अलीकडच्या काठाला आणि केळीचं शेत पलीकडे. मधून चार इंची लोखंडी पाइप नेलेला. टाकला तेव्हा तो वाळूत चांगला दोन हात गाडलेला होता. पुढे पात्रातली वाळू उपसली गेली, दोन-तीन मोठे पूर येऊन गेले आणि मधोमध पाइप उघडा पडला. दोन्ही बाजूंना मुरमाच्या उंचवट्यांवर टेकलेला आणि मधे दहा-एक मीटर नुसता लटकलेला.

एका उन्हाळ्यात तो वेल्डिंगच्या जोडाशी तुटला. वेल्डरला भरपूर बोलणी बसली. जोड नव्याने मारून घेतला. पुढच्या वर्षी आवर्तन आलं तेव्हा मी सुट्टीत तिथेच होतो. सकाळी नदीतून मामांची हाक आली, "आठे ये रे भाऊ, देख, पाइप कसा नाची राह्यना!"

कमरेच्या वर पाणी होतं. मी खाली हात घालून पाइप धरला. तळहाताला ठोके लागत होते, सेकंदाला दोनाच्या आसपास, घड्याळ लावून घ्यावं इतके नेमके. मामांचं म्हणणं, हा पंपाचा धक्का. त्यांनी मुलाला काठावर पिटाळलं आणि पंप बंद करायला लावला. पाइप तसाच हलत राहिला. म्हणजे आतल्या पाण्याचा काही संबंध नव्हता, जे काही होतं ते बाहेरच्या पाण्याचं. पण नदी पाइपाला ढकलत होती खालच्या अंगाला, आणि पाइप मात्र वर-खाली होत होता. ढकलायचं एकीकडे आणि हलायचं दुसरीकडे, हे मला त्या दिवशी काही केल्या समजेना. पुढे मेकॅनिकलचं शिक्षण झालं, काही वर्षं समुद्रातल्या पाइपलाइनींच्या तपासणीच्या कामात गेली, तेव्हा कळलं की मामांच्या पाइपाला जे झालं होतं तेच समुद्राच्या तळाशी मीटरभर जाडीच्या पाइपांना होतं. नियम तोच, आणि बऱ्याच अंशी उपायही तोच.

पुराच्या वेळी पुलावर उभं राहून खांबाच्या मागचं पाणी नीट पाहा. खांबाच्या डाव्या कडेवरून एक भोवरा सुटून वाहत जातो, मग उजव्या कडेवरून एक, मग पुन्हा डावीकडून. दोन्हीकडचे एकदम सुटत नाहीत. पाण्यात आडव्या टाकलेल्या पाइपाच्या मागे हेच घडतं, फक्त तिथे डावं-उजवं नसून वरचं आणि खालचं असतं.

पाणी पाइपावर येऊन आपटतं आणि दुभंगतं. थोडं वरून जातं, थोडं खालून. पाइपाला चाटून जाणारा पातळ थर घर्षणाने मंदावतो. पाइपाचा निम्मा घेर तो कसाबसा पार करतो, पण मागच्या बाजूचं वळण घेण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. तो पाइप सोडतो आणि मागे स्वतःभोवती गुंडाळला जाऊ लागतो. समजा वरचा भोवरा आधी मोठा झाला. मोठा होता होता तो खालच्या थरालाही आपल्याकडे ओढतो. खालचं पाणी उलट दिशेने फिरणारं. ते आडवं घुसलं की वरच्या भोवऱ्याची रसद तुटते, तो पाइपापासून सुटतो आणि प्रवाहाबरोबर निघून जातो. आता पाळी खालच्याची. ज्या बाजूला भोवरा वाढत असतो त्या बाजूला दाब कमी होतो आणि पाइप तिकडे खेचला जातो. वर, खाली, वर, खाली. मामांच्या पाइपाचं वर-खाली होणं ते हेच.

मागे राहणाऱ्या भोवऱ्यांच्या या दुहेरी रांगेला थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने १९११-१२ च्या सुमारास तिचं गणित मांडलं. पण कामाला येणारा आकडा त्याआधीचा आहे. विन्सेन्ट्स स्ट्रोहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये वाऱ्यात तारा का गुणगुणतात याचा अभ्यास केला. त्याला दिसलं की तारेचा तो सूर ती किती ताणली आहे यावर अवलंबून नसतो. वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी, एवढ्या दोनच गोष्टी तो ठरवतात. वेगाला जाडीने भागा आणि ०.२ ने गुणा, सेकंदाला किती वेळा भोवऱ्यांची जोडी सुटते ते मिळतं. हवा असो की पाणी, बारीक तार असो की मोठा पाइप, रोजच्या व्यवहारातल्या बहुतेक ठिकाणी हा ०.२ जवळपास टिकून राहतो. इतका साधा आकडा इतक्या ठिकाणी चालावा याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दीपनगरच्या वीजकेंद्रातून निघालेल्या मोठ्या लाइनी केळीच्या बागांवरून जातात. मनोऱ्याजवळ तारेला छोट्या डंबेल्ससारखी वजनं लटकलेली दिसतील. ती याच भोवऱ्यांसाठी आहेत. तीन सेंटिमीटर जाडीची तार आणि सेकंदाला तीन मीटर वाहणारा मंद वारा धरला तर हिशेब येतो सेकंदाला २० हेलकाव्यांचा. डोळ्याला दिसणार नाहीत, पण तार जिथे आवळलेली असते तिथे तिचे धागे एकेक करून तुटायला लागतात. ती वजनं तारेची थरथर आपल्या अंगावर घेऊन जिरवतात.

आता मामांच्या पाइपाचा हिशेब करू. चार इंची लोखंडी पाइपाची बाहेरून जाडी सुमारे ११.४ सेंटिमीटर. आवर्तनाचं पाणी सेकंदाला एक मीटरभर वाहत होतं असं धरा. एकला ०.११४ ने भागून ०.२ ने गुणलं तर उत्तर १.७५. मी हाताने मोजलेले ठोके सेकंदाला दोनाच्या आसपास होते.

पण नुसते भोवरे सुटतात म्हणून पाइप तुटत नाही. पाइप जमिनीत गाडलेला असता तर भोवऱ्यांनी कितीही ओढलं तरी ढिम्म राहिला असता. लटकल्यावर मात्र त्याला स्वतःची चाल मिळते. दोन टोकांवर टेकलेली कोणतीही वस्तू मधे दाबून सोडली की ती आपल्या ठरलेल्या तालावर हलते. हा ताल पाइप किती ताठ, किती जड आणि किती लांब लटकलेला आहे यावर ठरतो. वजनाचा हिशेब पाण्यात थोडा वेगळा. त्या पाइपात मीटरमागे साधारण १२ किलो लोखंड आणि पोटात ९ किलो पाणी. शिवाय पाण्यात हलताना आजूबाजूचं पाणीही बाजूला सारत हलावं लागतं. गोल पाइपासाठी ते ओझं त्याने जेवढी जागा व्यापली तेवढ्या पाण्याइतकं, म्हणजे इथे आणखी १० किलो. एकूण ३१ किलो झाले. नुसत्या लोखंडाच्या अडीचपट, म्हणून पाण्यातली चाल संथ. दहा मीटर लटकलेल्या अशा पाइपाची स्वतःची चाल निघते सेकंदाला सुमारे १.९.

भोवऱ्यांचा ताल १.७५ आणि पाइपाचा १.९. हे दोन आकडे जवळ आले की काय होतं ते खानदेशात कुणाला शिकवायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी-बहिणी कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसतात. झोका उंच न्यायला जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. परत आलेल्या झोक्याला नेमक्या क्षणी बोटाने ढकललं तरी तो फांदीपर्यंत जातो. चुकीच्या वेळी कितीही जोर लावा, हात मात्र दुखतो. पाण्याचा धक्काही तसा फार मोठा नसतो, पण तो वेळेवर येतो.

यापुढची गोष्ट झोक्यात नाही आणि मला ती या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. पाइप एकदा नीट हलायला लागला की भोवरे स्वतःचा ताल सोडून पाइपाच्या तालावर सुटू लागतात. पाण्याचा वेग थोडा वाढला तर हिशेबाप्रमाणे भोवरे जलद सुटायला हवेत. ते तसे सुटत नाहीत. पाइप वर जाताना वरचा भोवरा तोडतो, खाली येताना खालचा, आणि पाणी निमूटपणे त्याच्या मागे चालतं. इंजिनिअर याला 'लॉक-इन' म्हणतात, म्हणजे दोघांचे ताल एकमेकांत अडकणं. दोन आकडे तंतोतंत जुळले तरच धोका आणि एरवी सुटका, असं असतं तर फार बरं झालं असतं. लॉक-इनमुळे धोका एका वेगापुरता राहत नाही, वेगांचा मोठा पट्टा धोक्यात येतो. हवेत तो पट्टा अरुंद असतो. पाण्यात रुंद होतो, कारण पाइपाचं वजन त्याने सारलेल्या पाण्याच्या मानाने फारसं जास्त नसतं. दया एवढीच की हेलकावा अमर्याद वाढत नाही. तो पाइपाच्या जाडीएवढा झाला की भोवऱ्यांची घडी विस्कटते आणि तेच पाणी पाइपाला आवरू लागतं.

मग तुटतो कशाने? मोजणीने. सेकंदाला १.९ म्हणजे दिवसाला १ लाख ६४ हजार हेलकावे. दहा दिवसांच्या आवर्तनात सोळा लाखांच्या वर. प्रत्येक हेलकाव्यात लोखंड किंचित वाकतं आणि सरळ होतं. एका वाकण्याने त्याचं काही बिघडत नाही, बारीक तारही एकदा वाकवून तुटत नाही. पण लाखो वेळा झालं की सोसण्याच्या बऱ्याच आतला ताणही भेग पाडतो. धातू असा थकतो हे आगगाडीमुळे कळलं. एकोणिसाव्या शतकात गाड्यांचे आस चांगले दणकट असूनही धावता धावता अचानक मोडत. आउगुस्ट व्योलर या जर्मन इंजिनिअरने १८५० ते १८७० च्या दरम्यान आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवलं की नुसता भार किती हे पाहून भागत नाही, तो किती वेळा आला-गेला हेही मोजावं लागतं. भुसावळला ज्यांचं आयुष्य रेल्वेत गेलं त्यांना चाकांच्या आसांची तपासणी इतक्या काटेकोरपणे का होते हे ठाऊक असेल.

मामांकडे तो तुटलेला जोड गोठ्याच्या मागे पडून होता. नंतर एकदा मी तो उन्हात धरून पाहिला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत आणि गंजाने काळपट होता. त्यावर एकात एक अर्धवर्तुळं उमटलेली, ओहोटीच्या वेळी वाळूवर राहतात तशी. ती सगळी पाइपाच्या बाहेरच्या अंगावरच्या एका बिंदूभोवती होती, वेल्डच्या अगदी कडेला. उरलेला थोडा भाग खडबडीत, दाणेदार. याचा अर्थ असा की भेग बाहेरून सुरू झाली, आवर्तनामागून आवर्तन आत सरकत गेली, आणि जेवढं लोखंड शेवटी उरलं होतं तेवढंच एका क्षणात तुटलं. वेल्डच्या कडेला ताण एकवटतोच, जोड कितीही चांगला मारलेला असो. वेल्डरची चूक नव्हती. मामांनी त्याला घरी बोलावून तसं सांगितलं, याचा मला आनंद आहे.

आता गिरणेच्या पाण्याबरोबर खाली जाऊ. गिरणा तापीला मिळते, तापी सुरत ओलांडून हजिऱ्याजवळ समुद्राला. तिथेच समुद्रातून एक मोठी गॅसची पाइपलाइन किनाऱ्याला लागते. मुंबई हाय या क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडलं, त्यानंतर वसईसमोरच्या समुद्रात गॅसचा मोठा साठा मिळाला. तिथून हजिऱ्यापर्यंत दोनशे किलोमीटरहून लांब पाइप समुद्रतळावरून आणलेला आहे, ३६ इंची. तो तरंगू नये म्हणून अशा पाइपांवर काँक्रीटचा जाड थर देतात, त्यामुळे बाहेरून मीटरभर जाडी होते. सेकंदाला एक मीटरचा प्रवाह धरला तर आपल्या हिशेबाने भोवऱ्यांची एक जोडी पाच सेकंदांनी. संथ वाटतं. पण समुद्रात प्रवाहाला सुट्टी नसते, आणि खंबातच्या आखातात तर भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. तेवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं.

समुद्रतळ काही सपाट नसतो. पाइप दोन खडकांवर टेकतो आणि मधे लटकतो. जिथे तळ वाळूचा असतो तिथे वाळू वाहून जाते. त्यात पाइपाचाच हात असतो, कारण आडवा पडलेला पाइप पाणी अडवतो, त्याच्या पोटाखालून पाणी जोराने घुसतं आणि वाळू खणून काढतं. फट पडली की पाणी आणखी जोराने, की फट आणखी मोठी. अशा लटकलेल्या भागाला आपण पुलाचा म्हणतो तसा 'गाळा' म्हणू. फट पाइपाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तोवर खालच्या भोवऱ्याला वाढायला जागा मिळत नाही आणि दोघांची पाळी-पाळी जमत नाही. त्यामुळे तळाला जवळजवळ टेकलेला गाळा लांब असूनही गप्प राहू शकतो, आणि एका वादळात फट हातभर वाढली की तोच नाचू लागतो. अलास्कातल्या कुक इनलेट नावाच्या खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह फार जोरदार आहे. १९६० च्या दशकापासून तिथे टाकलेल्या काही पाइपलाइनी अशाच लटकत्या गाळ्यांवर तुटल्या, आणि या विषयाकडे सगळ्यांनी गांभीर्याने पाहायला सुरुवात केली त्यात त्या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

समुद्रातल्या लोकांना आणखी एक हलणं सतावतं, प्रवाहाच्याच दिशेने पुढे-मागे होण्याचं. वर-खाली होण्याचा एक फेरा होईस्तोवर पुढे-मागे दोनदा होतं, कारण वरचा भोवरा सुटला काय आणि खालचा सुटला काय, पाइपाला मागून एक ओढ बसतेच. हा हेलकावा लहान असतो, पण पाण्याच्या खूप कमी वेगाला सुरू होतो, म्हणून वर्षभर चालू राहतो. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये याच जातीच्या हलण्याने तापमापकाची बोटभर नळी मोडली आणि वितळलेलं सोडियम बाहेर येऊन आग लागली. ती नळी समुद्रात नव्हती, सोडियमच्या प्रवाहात उभी होती. प्रवाहाला काय, पाणी असो की वितळलेला धातू.

याच संदर्भात अमेरिकेतला टॅकोमाचा पूल हमखास सांगितला जातो, ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्यात पिळवटून पडलेला. पुष्कळ पुस्तकांत त्याचं खापर या भोवऱ्यांवर फोडलेलं असतं. ते बरोबर नाही. तो पूल पडला त्याच्या स्वतःच्या पिळण्यातून वाऱ्याची ताकद ओढून घेत, आणि ती यंत्रणा वेगळी आहे. मुलांना शिकवताना एवढा फरक जरूर सांगावा.

उपाय दोन तऱ्हांचे. एक, भोवऱ्यांची एकी मोडायची. उंच लोखंडी चिमणीच्या वरच्या भागाला गुंडाळलेल्या पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील, जुन्या मोटारींच्या एरियलवरही बारीक वेटोळं असायचं. ती शोभेसाठी नसतात. पट्टी वळत वर जाते, त्यामुळे प्रत्येक उंचीवर भोवरा वेगळ्या क्षणी सुटतो आणि धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. खोल समुद्रात तळापासून जहाजापर्यंत उभे जाणारे पाइप असतात, शेकडो ते हजारो मीटर लांब. त्यांना टेकू देणारच कुठे? त्यांच्यावर प्लास्टिकची अशी तीन पट्ट्यांची वेटोळी चढवतात. किंमत अशी की प्रवाहाचा सरळ रेटा वाढतो, आणि शेवाळ-शिंपले चढले की पट्ट्यांचा उपयोग घटतो. निसर्गातही हीच युक्ती आहे. सील नावाच्या सागरी प्राण्याच्या बऱ्याच जातींत मिशीचा केस गोल नसून नागमोडी असतो, त्यामुळे तो पोहताना फारसा थरथरत नाही आणि पुढे गेलेल्या माशाने पाण्यात मागे ठेवलेली हालचाल त्याला टिपता येते.

दुसरा उपाय म्हणजे गाळा छोटा करायचा, आणि तळावरच्या पाइपांना हाच चालतो. पाण्याखाली यंत्र पाठवून कॅमेऱ्याने आणि ध्वनिलहरींनी पाइप तपासतात. कुठे किती मीटर लटकलाय, खाली किती फट आहे, हे मोजतात. मग मधे दगडांचा ढीग टाकतात, किंवा पाइपाखाली रिकाम्या पिशव्या सरकवून त्यांत सिमेंटचा राडा भरतात. याचं गणित फार उदार आहे. लांबी निम्मी केली की पाइपाची चाल दुप्पट होत नाही, चौपट होते. मामांच्या दहा मीटरच्या गाळ्याला बरोबर मधे एक टेकू दिला की चाल १.९ वरून ७.६ वर जाते. तिला गाठायला नदी सेकंदाला चार मीटरहून वेगाने धावावी लागेल, आणि आवर्तनाचं पाणी तसं कधी धावत नाही.

हे सगळं कळल्यावर, एकदा आवर्तन संपलं तेव्हा मामा आणि मी पात्रात उतरलो. खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू आणि सिमेंट कालवून भरलं, तोंडं शिवली आणि पाइपाच्या मधोमध खाली आडव्या-उभ्या रचल्या. सगळ्यांत वरची गोणी ओली असतानाच पाइपाखाली ठोकून बसवली, म्हणजे पाइपाचा आकार तिच्यात उतरला. पुढच्या आवर्तनाला मी तिथे नव्हतो. संध्याकाळी मामांचा फोन आला. पाण्यात उभं राहून हात लावून पाहिला म्हणाले, गपगार आहे. मी त्यांना एवढंच सांगितलं की गोण्यांच्या बाजूची वाळूही पाणी खणून नेईल, टेकू खचेल, त्यावर लक्ष ठेवा. तेव्हापासून पाणी ओसरलं की ते पात्रात जातात आणि पाइपाखाली सगळीकडे पायाचा पंजा घालत चालत जातात. जिथे पंजा सहज आत जातो तिथे एक गोणी.